सहा गठ्ठे आणि एक मोबाइल



गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो.

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना झाली की मी एका टेबलाशी बसतो आणि मुलांचे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. ही शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते तेव्हाची. आता तिचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा अर्ज मीच भरला. तिची आई खांदा कॉलनीत चार घरची कामे करते. घरात फोन एकच, त्यात रिचार्ज कधी असे, कधी नसे. म्हणून अर्जात माझा नंबर टाकला. उत्पन्नाचा दाखला नेमका जुन्या वर्षाचा जोडला गेला. अर्ज त्रुटी निघून परत आला. तसा मेसेज माझ्या मोबाइलवर आला आणि मी तो वाचलासुद्धा. महिनाअखेर होती, साहेबांना तक्ता हवा होता. म्हटले, संध्याकाळी बघू. संध्याकाळपर्यंत विहाराच्या ग्रुपवर दीडशे मेसेज येऊन पडले. वर्षावासातल्या भोजनदानाची पाळी कोणाची, यावर चर्चा चालली होती. त्याखाली तो मेसेज गाडला गेला. मला आठवण झाली तेव्हा मुदत संपून तीन दिवस झाले होते.

फीचा हप्ता भरायला माउलीने बचत गटातून कर्ज उचलले. मी तोंड लपवत तिच्याकडे गेलो. ती म्हणाली, "दादा, तुम्ही तरी एकटे कुठं कुठं बघणार!" रागावली असती तर बरे वाटले असते.

गंमत अशी की मी पेशाने कारकून. कागद सांभाळणे हेच माझे पोटापाण्याचे काम. सरकारी कार्यालयात नोकरीला लागलो तेव्हा माझ्या वरच्या भाऊसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात सहा गठ्ठे शिकवले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कारकुनाच्या टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात गेला पाहिजे. ज्यावर आपल्याला काम करायचे आहे ती प्रलंबित प्रकरणे. आपण पत्र पाठवले आणि आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहतो आहोत ती प्रतीक्षाधीन प्रकरणे. दर महिन्याला, तिमाहीला पाठवायची ती नियतकालिके. नेहमी लागणारे शासन निर्णय व परिपत्रके म्हणजे स्थायी आदेशांची संचिका. निकाली निघालेले, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद पाचवे, आणि नष्ट करायचे सहावे.

अहमदनगरला (आता ते अहिल्यानगर झाले) १९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना हे जिल्हाधिकारी होते. त्यांनी वर्षानुवर्षांची दप्तरे उपसून लावली, टेबलांची मांडणी बदलली. त्यालाच पुढे 'लखिना पॅटर्न' म्हणू लागले. २०१७ मध्ये पुणे विभागात चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी'ची मोहीम काढली, तीही याच वाटेवरची. आता नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरने तयार केलेले ई-ऑफिस आले आहे. त्यात फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस आहे ते साहेबांना बसल्या जागी दिसते. फाइल 'सापडत नाही' असे सांगण्याची सोय गेली. काही जणांना त्याचेच वाईट वाटते!

तेव्हा कार्यालयात मी सहा गठ्ठे लावत होतो, आणि समाजाचे काम मात्र डोक्यात ठेवत होतो. त्या मुलीचा अर्ज भरल्यावर मी मनातल्या मनात तो पाचव्या गठ्ठ्यात टाकला, म्हणजे निकाली. खरे तर तो दुसऱ्या गठ्ठ्यातला होता. अर्ज सबमिट झाला म्हणजे काम संपत नाही. तो कॉलेजकडे जातो, तेथून समाजकल्याणकडे, आणि वाटेत कुठूनही परत येऊ शकतो. प्रतीक्षाधीन गठ्ठ्याचा नियम असा की प्रत्येक कागदावर पुन्हा पाहायची तारीख हवी. ती तारीख मी घातली नव्हती.

हेच काम मोबाइलवरची मोफत सॉफ्टवेअरे करतात. गुगल टास्क्स आहे, मायक्रोसॉफ्टचे टु डू आहे. मराठीत लिहिता येते. मी टु डू घेतले आणि त्यात सहा गठ्ठे केले, तीच नावे देऊन. पुतण्या हसला. म्हणाला, "काका, मोबाइलमध्येपण कचेरी!" हसू दे. प्रत्येक अर्जापुढे मी तारीख घालतो, त्या दिवशी सकाळी फोन वाजतो, आणि मी पोर्टल उघडून अर्ज कुठे आहे ते पाहतो. नियतकालिकांना 'दर महिन्याला' अशी खूण केली की ती आपोआप पुन्हा उगवतात. विजेचे बिल, गटाचा हप्ता, आईची रक्तदाबाची गोळी, हेही तिथेच. त्यात 'माय डे' म्हणून एक पान असते. ते रोज रात्री कोरे होते. पनवेलहून लोकल सुटते, त्यामुळे सकाळी बसायला जागा मिळते. गाडी सुटेपर्यंत मी त्या पानावर आजची कामे लिहितो. पाचपेक्षा जास्त लिहीत नाही, कारण पूर्वी पंधरा लिहायचो आणि तीन व्हायची.

दुसरी अडचण लक्षाची. यादी केली तरी काम करायला बसल्यावर फोन स्वस्थ बसू देत नाही. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटलीच्या एका विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ समोर ठेवून अभ्यास केला: पंचवीस मिनिटे एकच काम, मग पाच मिनिटे विश्रांती. इटालियन भाषेत टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून पद्धतीचे नाव पोमोदोरो. त्याची अॅप निघाली आहेत, पण फोनमधला साधा टायमरही चालतो. तेवढा वेळ 'डू नॉट डिस्टर्ब' लावायचे आणि घरच्यांचे नंबर तेवढे मोकळे ठेवायचे. कार्यालयात काउंटरवर माणूस उभा असताना हे जमत नाही, आणि जमवूही नये. मी ते जेवणाच्या सुट्टीनंतर, गर्दी ओसरली की करतो. घरात एमपीएससीचा अभ्यास करणारी मुले असतील तर त्यांना जरूर सांगा. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही चालू असताना पंचवीस मिनिटांची शांतता घरच्यांकडून मागून घेता येते. तीन तासांची कोणी देत नाही.

एक सावधगिरी. या यादीत कोणाचा आधार क्रमांक, पासवर्ड, ओटीपी लिहू नका. मी फक्त आद्याक्षरे लिहितो. दुसरे म्हणजे सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. पहिला आठवडा मी याद्यांना रंग देण्यातच घालवला आणि काम एकही केले नाही.

आणि टेबलाच्या पलीकडे उभे राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी थोडे. महाराष्ट्रात २००५ चा विलंबास प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्याप्रमाणे फाइल कोणत्याही सरकारी कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांसारख्या सेवांना ठरावीक मुदत आहे. ती उलटली तर दोन अपिले करता येतात आणि त्यावर आयोग आहे. अर्ज दिला की पोच घ्या, आणि पोचेवरची तारीख त्याच दिवशी आपल्या मोबाइलच्या यादीत टाका. कारकुनाची यादी चुकली तरी तुमची चुकू नये. मी कारकून असूनच हे सांगतो आहे.

ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा तिचा अर्ज तिने स्वतः भरला, नंबर स्वतःचा टाकला, आणि रविवारी माझ्या शेजारी बसून इतरांचेही भरते. तिने माझे गठ्ठे एका एक्सेलच्या तक्त्यात घातले आहेत. नाव, अर्जाची तारीख, कुठे अडकला, पुन्हा कधी पाहायचे. एकोणीस मुले आहेत. त्यातल्या चौघांचे अर्ज कॉलेजकडून पुढे सरकलेले नाहीत. त्यांच्यापुढे तिने लाल अक्षरात बुधवार लिहिला आहे, आणि माझी रजा टाकायला सांगितली आहे.