स्वादाआडचा मद्यार्क

टोकियो येथील वास्तव्यात आम्ही फळांच्या स्वादाची फेसाळ साके चाखली. साके म्हणजे तांदूळ, कोजी बुरशी व पाणी यांचे संधान; कोजी पाहताना आपल्या किण्वाचे स्मरण होते. साध्या साकेत मद्यार्क सुमारे १५ टक्के, फेसाळ प्रकारांत पुष्कळदा ५ टक्केच. युझू या लिंबूवर्गीय फळाचा गंध, मधुर रस व थंडावा यांमुळे मद्याचा तीक्ष्णोष्ण गुण जिभेस जाणवत नाही. परंतु तो लोपतही नाही. फळांचा रस मिसळलेल्या पेयास जपानी कायदा ‘सेइशु’ म्हणू देत नाही. ही शिस्त आम्हांस भावली.

आसवारिष्टेही अशीच रुचकर करून खपवावीत, असे काही औषधविक्रेते स्नेही सुचवितात. येथे हिशेब पाहावा. अशा साकेच्या ३०० मि.लि. बाटलीत १५ मि.लि. मद्यार्क असतो. आपल्या नियमांतील सर्वसाधारण कमाल मर्यादा, म्हणजे १२ टक्के, धरली तरी अरिष्टाच्या २४ मि.लि. मात्रेत तो ३ मि.लि.हून कमी भरतो. औषध व पेय यांतील सीमा मात्रेनेच राखली आहे. रुची वाढली की मात्रा सुटते. म्हणून वैद्यांनी मात्रा लिहून द्यावी आणि विक्रेत्यांनी ती सांगितल्याविना बाटली देऊ नये, अशी आमची विनंती आहे.