दोन जिऱ्यांच्या मधलं पाणी

बोटीवर आम्ही बारा जण होतो. ‘फक्त बारा’ असं जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं आणि जास्तीचे पैसे त्या ‘फक्त’चेच होते. माल्टाच्या उत्तर किनाऱ्यावरून सकाळी निघायचं, कोमिनो बेटाला वळसा घालायचा, वाटेत दोन-तीनदा पाण्यात उतरायचं, बोटीवरच पाव, टोमॅटो, ऑलिव्ह, चीज असं जेवायचं आणि उन्हं उतरताना परत यायचं. अनुवादकांच्या एका कार्यशाळेसाठी मी माल्टाला गेले होते, शेवटचा दिवस मोकळा होता. इतरांसारखीच मीही तिकीट काढलं.

बोट चालवणारा पन्नाशीचा गृहस्थ तिथलाच होता. दुपारच्या सुमाराला त्याने इंजिन मंद केलं आणि इंग्रजीत आम्हाला सांगितलं, “आता ब्लू लगून.” अर्ध्या मिनिटात त्याचा वायरलेस खरखरला. दुसऱ्या कुठल्यातरी बोटवाल्याने काहीतरी विचारलं आणि याने माल्टी भाषेत उत्तर दिलं. त्यातले दोन-तीन शब्द माझ्या कानाने पकडले: बेय्न इल-क्मीमेन. कार्यशाळेच्या तयारीसाठी मी माल्टीचं प्राथमिक व्याकरण चाळलं होतं, तेवढ्यावर मी त्याला विचारलं, “आत्ता तुम्ही काय म्हणालात?” तो म्हणाला, “तेच. ब्लू लगून.”

माझं भांडण या ‘तेच’शी आहे.

ते ‘तेच’ नाही. ‘बेय्न’ म्हणजे ‘मध्ये’. उर्दूतला ‘बैन-उल-अक़्वामी’ हा शब्द ज्यांनी ऐकलाय त्यांना हा ‘बेय्न’ ओळखीचा वाटेल, कारण दोन्हींचं मूळ अरबी आहे. आपण ज्याला कोमिनो म्हणतो त्या बेटाचं माल्टी नाव ‘केम्मुना’. शेजारी एक छोटं बेट आहे, त्याचं नाव ‘केम्मुनेत्त’. ‘क्मीमेन’ हे त्यांचं अनेकवचन. केम्मुना हे नाव जिऱ्यावरून पडलं असं मानतात. माल्टीत जिऱ्याला ‘केम्मून’ म्हणतात. म्हणजे त्या पाण्याचं नाव आहे ‘दोन केम्मुनांच्या मध्ये’, किंवा थोडी सूट घेऊन, ‘दोन जिऱ्यांच्या मधलं पाणी’. हे नाव जागा कुठे आहे ते सांगतं. नकाशा हरवला तरी नावावरून तिथे पोचता येईल. ‘ब्लू लगून’ फक्त फोटो कसा येईल ते सांगतं. शिवाय ते लगून नाहीच. दोन बेटांमधली उथळ सामुद्रधुनी आहे ती.

‘नावात काय आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी दोन उदाहरणं देते. माल्टाच्या शेजारी गोझो नावाचं बेट आहे. तिथले लोक त्याला ‘आउदेश’ म्हणतात. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रात उभी असलेली दगडी कमान जगभर ‘ॲझ्युअर विंडो’ म्हणून विकली गेली. ८ मार्च २०१७ च्या वादळात ती कोसळली. माल्टीत तिचं नाव होतं ‘तिआ तद-द्वेयरा’, म्हणजे द्वेयराची खिडकी. द्वेयरा हे त्या जागेचं नाव आणि ‘घर’ या शब्दाचं लघुरूप. छोट्याशा घराची खिडकी! इंग्रजीत खिडकी राहिली, घर गेलं आणि त्याच्या जागी निळा रंग आला. जवळच समुद्रात एक सुळका आहे. माल्टीत तो ‘जनरलचा खडक’, कारण आरमाराच्या कुणा सेनापतीला तिथे एक औषधी वनस्पती सापडली अशी कथा आहे. अठराव्या शतकात माल्टावर राज्य करणाऱ्या सरदारांनी तिच्यासाठी त्या खडकावर पहारा बसवला होता. इंग्रजीत मात्र तो ‘फंगस रॉक’. ती वनस्पती बुरशी नाही, दुसऱ्या झाडांच्या मुळांवर जगणारी फुलझाडाच्या जातीची वनस्पती आहे. चुकीचं नाव छापलं जातं, बरोबर नाव वायरलेसवर राहतं.

निळ्या रंगाची ही मक्तेदारी कुठून आली? भूमध्य समुद्रात तिचा एक जुना नमुना आहे. १८२६ साली आउगुस्त कोपिश हा जर्मन कवी-चित्रकार कॅप्री बेटावरच्या एका गुहेत पोहत शिरला आणि पुढे ‘निळी गुहा’ शोधून काढल्याचं श्रेय त्याच्याकडे गेलं. स्थानिक लोक त्या गुहेला ‘ग्रादोला’ म्हणत होते आणि तिला घाबरूनही होते. त्याला तिथे नेणाऱ्यांत बेटावरचा कोळी होता. पुढे १९६४ मध्ये गुहेच्या तळाशी रोमन काळातल्या मूर्ती सापडल्या, म्हणजे सम्राटांच्या काळापासून माणसं तिथे येत होती. तरी ‘शोध’ १८२६ चा, कारण नाव १८२६ नंतरचं. आज माल्टाच्या दक्षिण किनाऱ्यावर एक ‘ब्लू ग्रोटो’ आहे, क्रोएशियाच्या बिशेवो बेटावर आणखी एक आहे. जागा वेगळ्या, दगड वेगळे, भाषा वेगळ्या, पाटी एकच. एका निळ्याच्या बदली दुसरा निळा सहज खपतो. ‘दोन केम्मुनांच्या मध्ये’ हे नाव मात्र दुसऱ्या कुठल्याही पाण्याला लागू पडत नाही, आणि नेमकं म्हणूनच ते विकायला अडचणीचं आहे.

आता ‘फक्त बारा’कडे येते. गर्दीची मोठी जहाजं नकोत, छोट्या ग्रुपने जावं, म्हणजे बेटाला त्रास होत नाही आणि ‘खऱ्या’ जागेशी ओळख होते, असं आजकाल सुशिक्षित प्रवासी मानतात. मीही मानत होते. काही अंशी ते खरंही आहे. शेकडो माणसांचं जहाज आणि बारा जणांची बोट यांत फरक असतोच. पण त्या दुपारी मी आजूबाजूला पाहिलं तेव्हा ‘फक्त बारा’वाल्या बोटींची रांग लागली होती. प्रत्येकीचा नांगर पाण्यात. भूमध्य समुद्राच्या तळाशी पोसिडोनिया नावाच्या समुद्री गवताची कुरणं आहेत. ती फार सावकाश वाढतात, आणि नांगर ओढताना मोठ्या बोटीने आणि छोट्या बोटीने उपटलेलं गवत सारखंच उपटलेलं असतं. कोमिनो जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचं, कायम राहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. युरोपीय संघाच्या नॅचुरा २००० या संरक्षित जाळ्यात ते आहे. तरी तिथल्या किनाऱ्यावर भाड्याच्या खुर्च्या आणि छत्र्यांनी इतकी जागा व्यापली की २०२२ मध्ये माल्टातल्या कार्यकर्त्यांनी स्वतः जाऊन त्या हटवल्या. २०२५ पासून किनाऱ्यावर उतरायला आगाऊ नोंदणी लागते आणि एका वेळी चार हजारांची मर्यादा आहे. साडेतीन चौरस किलोमीटरच्या बेटाच्या एका कोपऱ्यात चार हजार, आणि ही सुधारणा!

यात नावाचा काय संबंध, असं कुणी विचारेल. माझ्या मते थेट संबंध आहे. जागेला नाव असतं तोवर तिला शेजार असतो: हे बेट, ते बेट, मधलं पाणी, कुणाचा तरी जिऱ्याचा वाफा. ‘ब्लू लगून’ला शेजार नाही. ती सुटी वस्तू आहे, आणि सुट्या वस्तूवर खुर्ची मांडून तासाचं भाडं लावायला कुणाचाच हात अडखळत नाही. नुसतं नाव जपल्याने खुर्च्या हटल्या असत्या असा माझा दावा नाही. पण जाहिरात लिहिणारा ज्या क्षणी पहिलं नाव खोडतो त्या क्षणी पुढच्या सगळ्या गोष्टी सोप्या होतात, एवढं मी खात्रीने म्हणते. खात्रीने, कारण मी ते स्वतः केलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका पर्यटन कंपनीच्या पुस्तिकेचा मी मराठीतून इंग्रजीत अनुवाद केला. मूळ मजकुरात खाडीतल्या एका बेटाबद्दल दोन ओळी होत्या. गावातले लोक त्याला नुसतं ‘जुवा’ म्हणतात. खाडीतल्या बेटाला कोकणात जुवाच म्हणतात, विशेष नाव द्यायची गरज गावाला कधी वाटलीच नव्हती. कंपनीला मात्र वाटली. “मॅडम, काहीतरी कॅची द्या,” असा फोन आला. मी पाच मिनिटं विचार केला आणि ‘सीक्रेट आयलंड’ असं लिहून पाठवलं. शब्दाला ठरलेल्या दरात दोन शब्दांचे पैसे मिळाले. गेल्या मे महिन्यात मी त्या गावी गेले. जेट्टीवर पाटी होती, तिच्यावर देवनागरीत ‘सीक्रेट आयलंड’ असं लिहिलं होतं, खाली माणशी दर. आणि बोटीवरचा वीसेक वर्षांचा मुलगा हाक देत होता, “सीक्रेट आयलंड, सीक्रेट आयलंड, दोन सीट बाकी!” मी त्याला विचारलं, “जुव्यावर जायचं ना?” तो म्हणाला, “हां मॅडम, तेच.”

माझा अनुवाद त्याच्या तोंडात परत आला होता, त्याच्याच लिपीत. हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत यशस्वी भाषांतर आहे. माझी पुस्तकं इतक्या लोकांनी वाचलेली नाहीत.

माझे काही व्यवसायबंधू म्हणतील की अनुवादकाचं काम जागा वाचकापर्यंत पोचवणं हेच आहे. अवघड नाव सोपं केलं तर बिघडलं काय? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. माल्टात इंग्रजी ही सुद्धा राजभाषा आहे आणि तिथले लोक आपसांत बोलतानाही ‘ब्लू लगून’ म्हणतात. मग मुंबईहून गेलेली बाई कोणाच्या वतीने भांडते? हा आक्षेप मला मान्य आहे. शुद्धतेचा झेंडा मी उभारत नाही, आणि माल्टी ही भाषा तशा झेंड्याला जागाच देत नाही. मूळ अरबी, शब्द सिसिलियन-इटालियन आणि इंग्रजी, लिपी रोमन. तिला राजभाषेचा दर्जा मिळाला १९३४ मध्ये, त्याआधी कचेऱ्यांत इटालियन चालायची. २००४ पासून ती युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे, त्यांतली एकमेव सेमिटिक. तिच्यात जगाला ‘दिन्या’ म्हणतात, पुस्तकाला ‘क्तीब’ आणि बातमीला ‘अहबार’. दुनिया, किताब, खबर म्हणणाऱ्या आपल्याला ती परकी वाटायचं कारणच नाही. इतकी सरमिसळ पचवूनही जी भाषा टिकली, तिचं एक नाव तिकिटावर मावत नाही, यात सोय कोणाची झाली एवढंच मी विचारते आहे. ज्याला दोन्ही नावं येतात तो बोटवाला काही गमावत नाही. गमावतात ते बारा प्रवासी, ज्यांनी ‘खऱ्या’ ओळखीचे जास्तीचे पैसे दिले आणि ज्यांना खरं नाव वायरलेसच्या खरखरीत चुकून ऐकू आलं.

हे परदेशातलं दुखणं आहे असं समजू नये. गेटवेहून रोज शेकडो माणसं बोटीत बसतात आणि ‘एलिफंटा’ला जातात. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी ते नाव दिलं तो हत्ती तिथे नाही. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तो फुटला, पुढे जोडला गेला आणि आज भायखळ्याला जिजामाता उद्यानात उभा आहे. बेटावर राहणारी माणसं त्याला घारापुरी म्हणतात. हत्ती गेला तरी नाव राहिलं, आणि १९८७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीतही तेच चढलं.

आपली मराठी प्रवासवर्णनंही यात मागे नाहीत. ‘ब्लू लगूनची निळाई शब्दांत सांगता येत नाही’ छापाची वाक्यं मी डझनांनी वाचली आहेत. सांगता येत नाही, कारण विचारलेलंच नसतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रवासावर लिहिणाऱ्याने प्रत्येक जागेचं तिथल्या भाषेतलं नाव अर्थासह आधी द्यावं, विकण्याचं नाव नंतर. बारा जणांची बोट चालवणाऱ्या कंपनीने तिकिटावर दोन्ही नावं छापावीत. शाई फार लागत नाही. आणि पर्यटनाचा मजकूर करणाऱ्या अनुवादकांनी, म्हणजे आपण, ‘काहीतरी कॅची द्या’ हे काम नाकारावं किंवा निदान त्याखाली आपलं नाव घालायला लावावं. ‘सीक्रेट आयलंड’खाली माझं नाव छापलं जाणार असतं तर मी ते लिहिलं नसतं.

त्या कोकणातल्या कंपनीला मी पत्र पाठवलं आहे: पुढच्या आवृत्तीत ‘जुवा’ हा शब्द परत घाला, दुरुस्तीचे पैसे नकोत. अजून उत्तर नाही. तोवर तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलं आणि जेट्टीवर हाक ऐकली, तर बोटीत बसण्याआधी त्या मुलाला एवढं विचारा: “तुझी आजी याला काय म्हणते?”