जोडे शिवणाऱ्यालाही बोलावणें येतें

रा. रा. संपादक यांस :

गेल्या पंधरवड्यांत आमच्या गांवीं एक गोष्ट घडली. पारावर चार मंडळी बसलीं असतां एका ख्रिस्ती सुतारानें आपली दारू कशी सुटली आणि प्रभु येशूच्या नांवानें मोडलेलें घर पुन्हां कसें उभें राहिलें, तें सांगितलें. सांगितलें एवढेंच. कोणाच्या देवाला नांव ठेविलें नाहीं, कोणाला पैशाची आशा दाखविली नाहीं. तोंच एक पदवीधर गृहस्थ गरजले, "बाबा, तूं रंधा मार. देवाधर्माचें बोलणें शिकलेल्यांचें काम!" याहून नवल असें कीं, दुसऱ्या दिवशीं त्याच्याच मंडळीच्या कारभाऱ्यांनीं त्याला बोलावून दटावलें, "त्या कामाला पगारी उपदेशक आहे. तुला कोणीं सांगितलें होतें?"

आम्ही त्याच मंडळींतले. तेव्हां या प्रश्नाचें उत्तर आम्हींच देणें बरें.

इंग्लंडांत १७६१ सालीं एका विणकराच्या घरीं विल्यम केरी जन्मला. धंदा जोडे शिवण्याचा. पुढें खेड्यांत शाळाही चालविली. काम करतां करतां तो भाषा शिकला, भिंतीवर जगाचा नकाशा लावून त्यावर देशोदेशींच्या लोकांची माहिती लिहूं लागला. त्या वेळचे कित्येक विद्वान म्हणत कीं, सर्व राष्ट्रांस जाऊन सांगा ही आज्ञा पहिल्या शिष्यांपुरतीच होती. केरीनें १७९२ सालीं पुस्तक छापून विचारलें : आज्ञा त्यांच्यापुरती, तर बाप्तिस्मा तुम्ही कोणत्या आधारें देतां? आणि त्याच आज्ञेशीं जोडलेलें, मी तुमच्याबरोबर आहें, हें वचन तेवढें आपलें कसें म्हणतां? या प्रश्नाला सरळ उत्तर नाहीं. आमच्या कारभाऱ्यांपाशीं असेल तर त्यांनीं द्यावें.

त्याच वर्षीं केटरिंग गांवीं मूठभर माणसांनीं १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स जमविले आणि १७९३ सालीं केरी बंगाल्यांत आला. कंपनी सरकारला असले लोक नको होते. म्हणून निळीच्या कारखान्यावर कामाला राहिला. सात वर्षें एकही हिंदु माणूस बाप्तिस्म्याला आला नाहीं. शेवटीं २८ डिसेंबर १८०० रोजीं श्रीरामपुरास हुगळी नदींत पहिला उतरला तो कृष्ण पाल, जातीनें व धंद्यानें सुतार! त्याआधीं तो पाद्र्यांच्या पंगतीला जेवला, म्हणून लोकांनीं त्याला ओढीत न्यायाधीशापुढें नेलें होतें. तरी तो मागें हटला नाहीं. पुढल्या वर्षीं त्याच्या घरच्या बायकाही त्याच वाटेनें आल्या.

आम्हां मराठी लोकांवरही या जोडेवाल्याचें ऋण आहे. वैजनाथ पंडितांच्या मदतीनें त्यानें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण आणि १८१० सालीं कोश छापला. १८११ सालीं नवा करार मराठींत निघाला. आणि त्याला बक्षीस काय मिळालें? १८०९ सालीं सिडनी स्मिथ नांवाच्या सुशिक्षित पाद्र्यानेंच या मंडळींना जोडे शिवणारे म्हणून हिणविलें. म्हणजे "तूं रंधा मार" हा मंत्र कांहीं आमच्याच देशांतला नाहीं!

वाचकहो, आवतण सांगणारा गडी पंगतीचा यजमान नसतो. तो दारांत उभा राहून सांगतो. कोणी आलें तर आनंद. न आलें तर बखोटीला धरून ओढीत नाहीं, कीं जेवायला या म्हणून पैसे देत नाहीं. पण आवतण मिळालेला माणूस एकटाच जाऊन जेवला आणि शेजाऱ्याला बोललाही नाहीं, तर त्याला काय म्हणावें? १९५० च्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमानें धर्म सांगण्याची मोकळीक प्रत्येकाला दिली आहे. आणि १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, सांगण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याला धर्मांतर करावयास लावण्याचा हक्क नव्हे. आमच्या सुतारदादानें यांतलें काय मोडलें?

आतां थोडें आमच्या घरचें. पंगतीला एकत्र जेवतों, पण सोयरीक जुळवितांना हळूच जात विचारतों. असल्या घरचें आवतण कोणी कां ऐकावें? भटजीची दलाली नको म्हणून ज्या वाडवडिलांनीं घरदार सोडलें, त्यांच्या नातवंडांनीं पगारी उपदेशकाला नवा भटजी करून ठेविला, आणि आपण तोंड मिटून बसलों. वीस वर्षें आम्हींही तेंच केलें. तें पाप दुसऱ्याच्या माथीं मारीत नाहीं.

सुतारदादांनीं येत्या बाजारच्या दिवशीं पुन्हां पारावर बसावें. शाळेच्या वर्गांत आम्ही धर्म सांगणार नाहीं, तीं सर्वांचीं पोरें आहेत. पण पारावर त्यांच्या शेजारीं बसूं. "तुला कोणीं सांगितलें?" असें कोणीं विचारलें, तर म्हणूं, "ज्यानें कोळ्यांना जाळ्यावरून उठविलें, त्यानें."

आपला,
एक खेड्यांतला शाळामास्तर