शिफारस आणि समीक्षा : न वाचलेल्या कादंबरीचा प्रश्न

मराठी कादंबरीच्या समीक्षेत एक सोयीस्कर गृहीतक रूढ झाले आहे : रहस्यकथा, थरारकथा आणि कौटुंबिक कादंबरी यांची समीक्षा होत नाही, कारण त्यांच्यात समीक्षेजोगे काही नसते. हे गृहीतक कोणी सिद्ध केलेले नाही. ते सिद्ध करण्यासाठी ज्या कादंबऱ्या वाचाव्या लागल्या असत्या, त्या समीक्षकांनी बहुधा वाचलेल्याच नाहीत. त्या वाचणारा वाचक मात्र वर्षानुवर्षे त्यांच्यात डावे-उजवे करत आला आहे. त्याच्या निवाड्याला समीक्षा म्हणायचे नाही, असे आपण ठरवून टाकले आहे, इतकेच.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या, इर्शाळगडाच्या परिसरातील चौकसारख्या गावात कादंबरी एका हातातून दुसऱ्या हातात जाते ती परीक्षण वाचून नव्हे, शिफारशीवरून. कर्जत लोकलच्या शंभर किलोमीटरच्या प्रवासातही तेच घडते. 'शेवट आधी बघू नकोस', 'पहिली चाळीस पाने सोस, मग खाली ठेववणार नाही', 'सासू खोटी वाटते, बाकी झकास' अशा तऱ्हेची ती वाक्ये असतात. ती भाबडी नाहीत. पहिले वाक्य माहितीच्या नियोजनाविषयी आहे, दुसरे कथनाच्या गतीविषयी आणि तिसरे पात्राच्या संभवनीयतेविषयी. परिभाषा नाही म्हणून विवेकही नाही, असा निष्कर्ष काढणे ही परिभाषेची मक्तेदारी झाली.

या प्रकाराला मराठीत दीर्घ परंपरा आहे. 'यमुनापर्यटन' (१८५७), 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मोचनगड' (१८७१) या तीन कृतींवरून भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती दाखवल्या. ती मांडणी मराठी समीक्षेला उपकारक ठरली, हे निर्विवाद आहे. परंतु पुढे तिचा वापर विश्लेषणापेक्षा वर्गवारीसाठी अधिक झाला. एखादी कादंबरी 'मुक्तामाले'च्या वंशातली ठरली की तिच्याविषयीचे कुतूहल संपते. 'रंजन' हा शब्द विवेचनाची सुरुवात करून देण्याऐवजी त्याला पूर्णविराम देतो.

याचा परिणाम असा की गो. ना. दातार, बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर हे सारे एकाच पोत्यात भरले गेले. वास्तविक त्यांच्यात फार मोठे अंतर आहे. रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांची मराठी रूपांतरे करणाऱ्या दातारांचे जग अद्भुताचे आहे. अर्नाळकरांचा काळा पहाड कायद्याबाहेर राहून न्याय करू पाहतो. नाईकांचा कॅप्टन दीप लष्करी अधिकारी आहे. म्हणजे न्यायाचा अधिकार बंडखोराकडून राष्ट्राच्या गणवेशाकडे गेला आहे. शिरवळकरांचा अमर विश्वास वकील आहे. तेथे न्याय पुराव्याच्या आणि युक्तिवादाच्या कक्षेत येतो. दरोडेखोर, सैनिक आणि वकील या क्रमात सामान्य मराठी वाचकाची न्यायकल्पना कशी सरकत गेली, याचा आलेख दडलेला आहे. तो 'गंभीर' कादंबरीत शोधून सापडणार नाही. आणि सारे 'एकाच साच्याचे' म्हणणाऱ्याला तर तो दिसणारच नाही.

कौटुंबिक कादंबरीच्या वाट्याला याहून अधिक उपेक्षा आली. रहस्यकथेला निदान 'तंत्र' असते असे मानले जाते. योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे यांच्या कादंबऱ्यांना तोही मान मिळाला नाही. 'बायकांचे वाचन' एवढ्या शेऱ्यावर त्यांची बोळवण झाली. हे दोन प्रकार परस्परांपासून दूर आहेत, हा समजही तपासून पाहायला हवा. रहस्यकथेत दोन कथा असतात, एक गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची, असे तोदोरोव्हने १९६६ मध्ये मांडले. ही मांडणी घराला लावून पाहावी. घरात कोणी उच्चारत नाही असा एक भूतकाळ असतो : लपवलेले आजारपण, मोडलेला विवाह, बदललेले मृत्युपत्र. नव्याने आलेली सून नजरा, अर्धी वाक्ये आणि बंद खोल्या यांवरून तो वाचत जाते. ती तपास करत असते. फक्त तिला गुप्तहेर म्हणण्याची पद्धत नाही. पॉला हॉकिन्सच्या 'द गर्ल ऑन द ट्रेन' (२०१५) मध्ये रोजच्या गाडीच्या खिडकीतून दिसणारे घरच तपासाचा विषय होते. मराठीत शिरवळकरांची 'समांतर' दुसऱ्याच्या आयुष्यात आपले भविष्य शोधणाऱ्या माणसाची कथा सांगते. तिच्यातले गूढ नशिबाचे आहे, पण त्याची झळ लागते ती संसाराला. कर्जतच्या गाडीतील वाचक या दोन्ही कादंबऱ्या एका दमात सुचवतो, तेव्हा तो प्रकारांची सरमिसळ करत नाही. समीक्षेला न दिसलेले नाते तो ओळखत असतो.

यावर आक्षेप ठरलेला आहे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या लेखकात गुणवत्ता कोठून येणार? एडमंड विल्सनने १९४५ मध्ये रॉजर ॲक्रॉइडचा खून कोणी केला याची पर्वा कोणाला, असे विचारलेच होते. यातील बरेचसे लेखन सुमार आहे, हे मान्य करायला हरकत नाही. पण सुमार काय आणि सरस काय हे ठरवायला वाचावे लागते, आणि ते काम आज शिफारस करणारा वाचक एकटाच करतो आहे. साहित्याच्या समाजशास्त्राचे अभ्यासकही त्याच्या मदतीला येत नाहीत. ते आवृत्त्या मोजतात आणि वाचकाला समाजाच्या दुखण्याचे लक्षण मानतात. मोजणे म्हणजे वाचणे नव्हे.

शिफारशीला मर्यादा आहे, आणि ती गंभीर आहे. ती 'आवडली' येथे थांबते. शेवटी विस्कटलेले घर पुन्हा सांधले जाते, ते कोणाच्या गप्प राहण्यातून? गुन्हेगार सापडतो तेव्हा कोणत्या जातीचा, कोणत्या वस्तीतला निघतो? हे प्रश्न ती विचारत नाही. ते विचारणे हेच समीक्षकाचे काम. पण शिफारशीच्या पुढे जायचे असेल तर निदान शिफारशीपर्यंत तरी पोहोचले पाहिजे.

चंद्रकांत काकोडकरांच्या 'शामा' या 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील लेखनाबाबत अश्लीलतेचा खटला झाला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कृती समग्रपणे विचारात घेतली आणि ती अश्लील नसल्याचा निर्णय दिला. लोकप्रिय मराठी लेखनाचे असे काळजीपूर्वक वाचन न्यायासनाने करावे आणि मराठी विभागांनी करू नये, ही स्थिती भूषणावह नाही. अर्नाळकर १९९६ मध्ये, शिरवळकर २००३ मध्ये आणि नाईक २०२१ मध्ये गेले. शिरवळकरांचे नाव नव्या पिढीपुढे आणले ते 'दुनियादारी' (२०१३) या चित्रपटाने आणि 'समांतर' (२०२०) या वेबमालिकेने, समीक्षेने नव्हे. स्वस्त कागदावरची ही पुस्तके ठिसूळ झाली आहेत, आणि ग्रंथालयात निर्लेखनाची वेळ आली की अशाच पुस्तकांवर पहिली फुली पडते. संहिताच उरल्या नाहीत तर उद्याचा संशोधक कशावर लिहिणार? त्याच्या हाती उरेल तो आजच्या समीक्षेचा शेरा : 'या लेखनात वाङ्मयीन मूल्य नाही.' आणि तो शेरा खरा की खोटा, हे तपासण्याचा मार्गच बंद झालेला असेल.