आगरतळ्याचे अंतर कोणत्या मोजपट्टीने?

कोलकात्याहून निघालेले विमान सुमारे तासाभरात आगरतळ्याला उतरते. दोन्ही शहरांतले सरळ अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. तोच प्रवास आपल्याच भूमीवरून रस्त्याने करायचा तर सिलिगुडीची चिंचोळी पट्टी ओलांडून, गुवाहाटीला वळसा घालून सुमारे १६०० किलोमीटर जावे लागते. आकाशातील एका किलोमीटरला जमिनीवर पाच.

हा वळसा भूगोलाने घातलेला नाही. फाळणीपूर्वी कोलकात्याचा प्रवासी सियालदहहून रेल्वेने ग्वालंदोला, तिथून आगबोटीने चांदपूरला आणि पुन्हा रेल्वेने अखौऱ्याला पोहोचे. अखौऱ्याहून आगरतळा हाकेच्या अंतरावर. त्रिपुराच्या राजघराण्याची मैदानातली चकला रोशनाबाद ही जमीनदारीही याच बाजूला होती. ती १९४७ मध्ये पाकिस्तानात गेली आणि १५ ऑक्टोबर १९४९ रोजी भारतात विलीन झालेल्या त्रिपुराला तीन बाजूंनी परकी सीमा उरली. १९५२ मध्ये पारपत्र आले, १९६५ च्या युद्धाने आगगाड्या थांबवल्या. रेषा नकाशावर एका उन्हाळ्यात आखली गेली. अंतर मात्र अठरा वर्षे वाढत राहिले.

ते कमी करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. पालाटाणा वीजप्रकल्पाची अवजड यंत्रे बांगलादेशातील आशुगंज बंदरातून आली. २०१५ मध्ये ढाकामार्गे बस सुरू झाली, २०२१ मध्ये फेणी नदीवर मैत्री सेतू उभा राहिला, १ नोव्हेंबर २०२३ रोजी आगरतळा–अखौरा लोहमार्गाचे उद्घाटन झाले. पुढच्याच ऑगस्टमध्ये ढाक्यात सत्तांतर झाले आणि या साऱ्या आशांवर अनिश्चिततेचे सावट आले. शेजारी देशाच्या भूमीवरून जाणारी वाट त्या देशाच्या मर्जीइतकीच लांब वा आखूड असते. प्रशासनात हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला हे निराळे सांगावे लागू नये. तरीही उद्घाटनाच्या दिवशी मीही हरखलो होतो.

आपल्या हातातली वाट म्हणजे लमडिंग–बदरपूरचा डोंगरी लोहमार्ग. मे २०२२ मध्ये दिमा हसाओत दरडी कोसळल्या, न्यू हाफलाँग स्थानक चिखलात गाडले गेले आणि त्रिपुरा, मिझोराम, मणिपूर व बराक खोऱ्याकडे जाणारी ही वाहतूक आठवड्यांमागून आठवडे खोळंबली. अशा वेळी कर्करोगाच्या उपचारासाठी कोलकात्याला निघालेल्या रुग्णापुढे विमान हाच रस्ता उरतो.

माझा आक्षेप इथे आहे. विमानप्रवासाला आपले धोरण अजून सोय समजते. आगरतळ्याला ती एसटीसारखी गरज आहे. १९९४ च्या मार्गवाटप नियमांनी ईशान्येकडे काही प्रमाणात आसने पाठवणे कंपन्यांवर बंधनकारक केले, पण त्या आसनांच्या भाड्याचा प्रश्न बाजारावर सोडला. पूजेच्या दिवसांत वा दरड कोसळल्यावर मागणी वाढते आणि भाडे तिच्यामागे चढते. जिथे भूमार्ग हवाई अंतराच्या तिपटीहून अधिक आहे, अशा मार्गांवर भाड्याची कमाल मर्यादा असावी आणि विमान कंपनीला येणारी तूट केंद्राने सोसावी. मालवाहतुकीसाठी हे तत्त्व आपण १९७१ च्या अनुदान योजनेत मान्य केले होते: अंतराचा भार त्या प्रदेशावर एकट्यावर पडू नये. सिमेंटच्या पोत्याला जी सवलत दिली, ती आजारी माणसाला नाकारण्याचे कारण मला कोणत्याही टिपणीत सापडलेले नाही.