शिरूर अनंतपाळची हरवलेली सभा

गेल्या दशकात शिरूर अनंतपाळची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी, सदस्यांच्या जागी १७ नगरसेवक. तालुक्याच्या गावाला निधी वाढून मिळावा, ही अपेक्षा चुकीची नव्हती. मात्र या बदलात ग्रामसभा गेली आणि तिची हळहळ फारशी कुठे ऐकू येत नाही. याच तालुक्यातल्या साकोळ किंवा येरोळचा मतदार आजही ग्रामसभेत उभा राहून ‘घरकुलाच्या यादीतून आमचं नाव का कटलं?’ असं विचारू शकतो. शिरूरच्या मतदाराला कायद्याने तशी सभाच उरलेली नाही. प्रश्न विचारायचा तर नगरसेवकाने, तोही सभागृहात.

लोकशाहीचा विषय निघाला की आपण ग्रीकांना नमस्कार करून थेट मतदान यंत्राकडे येतो. पण अथेन्सने जगाला दिलेली मोठी गोष्ट निवडणूक नव्हे, सभा आहे. निवडणुकीबद्दल तर ग्रीकांना संशयच होता. तिच्यात पैसेवाले आणि नामांकित घराणी पुढे जातात, हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं. (लातूर जिल्ह्यातल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको.)

इसवी सनापूर्वी ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनीसने अथेन्सची घडी नव्याने बसवली. त्याने पाया धरला तो गावांचा. अशी १३९ गावं-वस्त्या होत्या. प्रत्येकीची स्वतःची सभा, स्वतःचा प्रमुख आणि नागरिकांची स्वतःची नोंदवही. गावाच्या वहीत नाव असेल तोच अथेन्सचा नागरिक. त्यावर ५०० जणांचं मंडळ, तेही चिठ्ठ्या टाकून निवडलेलं, आणि सर्वांत वर प्निक्स टेकडीवर भरणारी सगळ्या नागरिकांची सभा. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ही सभा वर्षाला चाळीस वेळा भरे. काही निर्णयांना सहा हजारांची गणपूर्ती लागे.

इतकी माणसं कामधंदा सोडून येत कशी? सहजासहजी येत नसत. बाजारात रेंगाळणाऱ्यांना टेकडीकडे हाकण्यासाठी लाल गेरूत भिजवलेला दोर लावला जाई, अंगरख्यावर डाग पडला की सभा चुकवणारा ओळखू येई. ॲरिस्टोफेनीसने आपल्या नाटकात त्याची यथेच्छ टिंगल केली आहे. पुढे सभेला येणाऱ्याला भत्ताही सुरू झाला. मोलमजुरी करणाऱ्याचा दिवस बुडतो, तो बुडू नये इतका साधा हिशेब त्यामागे होता.

आपला कायदाही काही कमी नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तो. त्याआधी महिलांची वेगळी सभा. आणि तेवढी माणसं जमली नाहीत तर? सभा तहकूब. तहकूब सभा पुन्हा बोलावली की तिला गणपूर्तीची अटच नाही. कायद्याने पुढच्या दाराला कुलूप लावलं आणि मागचं दार सताड उघडं ठेवलं. ग्रामसभा कागदावर कशी होते, हे गावागावात माहीत आहे: प्रोसिडिंगची वही घरोघर फिरते, सह्या-अंगठे होतात, ठराव ‘सर्वानुमते मंजूर’. रोजंदारी बुडवून येणाऱ्या मजुराला भत्ता देण्याचा विचार तर कुणाच्या डोक्यातही येत नाही.

चिठ्ठी मात्र आपल्याकडेही आहे. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा तहसीलच्या सभागृहात काचेची बरणी ठेवतात आणि एखाद्या लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढतात. बाहेर गाड्या लावून थांबलेल्या इच्छुकांचे चेहरे त्या एका चिठ्ठीवर उजळतात नाहीतर पडतात. फरक एवढाच की, अथेन्समध्ये चिठ्ठीतून माणूस निघे. आपल्या चिठ्ठीतून प्रवर्ग निघतो, माणूस आधीच ठरलेला असतो.

ग्रीकांचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. त्या सभेत बाई नव्हती, गुलाम नव्हता, बाहेरून येऊन स्थायिक झालेला कारागीर नव्हता. महाराष्ट्रात उलट गावातल्या महिला एकत्र येऊन मतदानाने ‘आडवी बाटली’ करू शकतात आणि दारूचं दुकान बंद पाडू शकतात. पेरिक्लीसच्या अथेन्समध्ये हे कुणाला पटलं नसतं. सभा-समित्यांची परंपरा आपलीही जुनी आहे. बौद्ध भिक्खू संघाला ठराव, गणपूर्ती आणि मतमोजणी ठाऊक होती, हे डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितलं होतं. निलंग्यापलीकडे बसवकल्याणला बाराव्या शतकात भरणारा अनुभव मंटप हा चर्चेचाच मंडप. पण त्या सभांचा राज्यकारभारावर अधिकार नव्हता, हेही प्रामाणिकपणे मान्य करावं. मराठवाड्यातला माणूस १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाची प्रजा होता. प्रौढ मताधिकाराने मतदार झाला तो पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत.

लोकांच्या सभेचं महत्त्व शिरूरला दुसऱ्या तालुक्याने सांगायची गरज नाही. याच तालुक्यातल्या उजेडमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते. ग्रामस्वराज्य सांगणाऱ्या माणसाची यात्रा भरवणाऱ्या तालुक्याच्या मुख्य गावातच लोकांची सभा नसावी, हे खटकतं.

कायद्याची फट सरळ आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने गावाला ग्रामसभा दिली. ७४ व्या दुरुस्तीने शहराला प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, पण तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्या असेल तरच. २००९ मध्ये राज्याने महानगरपालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे एकेका भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आणली. चाकूर, देवणी, जळकोट, शिरूर यांसारखी छोटी गावं मधल्यामध्ये राहिली: गावपण गेलं, शहराचे हक्क आले नाहीत. राज्याने नगरपंचायतींना प्रभागसभा सक्तीची करावी आणि तहकूब सभेलाही गणपूर्ती लावावी.

तोवर १७ प्रभागांच्या शिरूरला थांबायचं कारण नाही. एकेक प्रभाग एका मंदिराच्या सभामंडपात मावेल एवढा आहे. अर्थसंकल्पाआधी मतदारांना बोलावून जमाखर्च वाचून दाखवायला मंत्रालयाचा आदेश लागत नाही. २०२२ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची पाच वर्षांची मुदत २०२७ च्या सुरुवातीला संपते. मत मागायला दारात येईल त्याला शिरूरकरांनी रस्ता-नाली विचारावीच. त्याबरोबर वर्षातून किती वेळा प्रभागाची सभा घेणार, हेही विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं.