क्रमांक जुना, विमान नवे

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ विमानाला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला आणि तिसरी व तेविसावी या मिगच्या अखेरच्या दोन स्क्वाड्रन विमानांवाचून राहिल्या. आदल्याच दिवशी ९७ तेजस विमानांच्या खरेदीचा करार झाला होता. त्या दोन दिवसांत वृत्तपत्रांनी आकडे पुष्कळ छापले. मिगची ६२ वर्षांची सेवा, नव्या खरेदीचे ६२ हजार कोटींहून अधिक रुपये, मंजूर ४२ स्क्वाड्रनपैकी हाती उरलेल्या २९. हे आकडे आम्हीही छापले. मात्र एक विमान गेले आणि दुसरे अद्याप आले नाही, अशा अवस्थेत त्या स्क्वाड्रनमधील माणसांनी काय करावयाचे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो विचारणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

गिरगावच्या चाळीत किंवा लालबागच्या गल्लीत राहणाऱ्या वाचकास हा प्रश्न दूरचा वाटण्याचा संभव आहे. पण जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर दाटीवाटीने उभे राहून ज्यांनी ‘सूर्यकिरण’ पथकाच्या कसरती पाहिल्या, त्यांनी या प्रश्नाचे एक उत्तर डोळ्यांनी पाहिले आहे. हे पथक पूर्वी ‘किरण’ विमाने उडवीत असे. २०११ मध्ये ती विमाने प्रशिक्षणासाठी हवी झाली आणि पथकाचे काम थांबले. २०१५ मध्ये ‘हॉक’ विमाने मिळाली तेव्हा थोडक्या विमानांनिशी पुन्हा आरंभ करावा लागला, आणि नऊ विमानांची रचना सिद्ध होण्यास आणखी काही काळ गेला. कसरतीच्या पथकाची ही कथा, तर युद्धाच्या पथकाची काय असेल?

पुण्याशी दीर्घकाळ निगडित असलेल्या सहाव्या स्क्वाड्रनचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १ डिसेंबर १९४२ रोजी तिरुचिरापल्ली येथे स्क्वाड्रन लीडर मेहेरसिंग यांच्या हाताखाली ती उभी राहिली. एकट्या वैमानिकाचे हरिकेन विमान घेऊन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर शत्रूची टेहळणी करणे हे तिचे काम. पुढे स्पिटफायर आले, त्यानंतर सैन्य आणि सामान वाहणारे डाकोटा. फाळणीत ती पाकिस्तानच्या वाट्यास गेली. १९५१ मध्ये तोच क्रमांक भारतात पुन्हा उभारण्यात आला तो चार इंजिनांच्या अवजड लिबरेटर विमानांवर. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन बनावटीची ही विमाने कानपूरला नादुरुस्त करून टाकून देण्यात आली होती. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने ती दुरुस्त करून पुन्हा उडती केली. भंगारातून आलेली ही विमाने १९६८ अखेरपर्यंत आपल्या समुद्रावर पहारा करीत होती, याचे आजही नवल वाटते.

यापुढचा भाग तर मुंबईकराच्या ओळखीचा आहे. एअर-इंडियाकडे १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि सांताक्रूझहून परदेशी जाणारी, तीन सुकाणूंच्या शेपटीची डौलदार सुपर कॉन्स्टेलेशन विमाने मागे पडली. त्यांतील काही विमानदलाने घेतली आणि सहाव्या स्क्वाड्रनच्या स्वाधीन केली. काल ज्या खिडकीतून उतारू ढग पाहत होते तिच्यातून आज जहाजे शोधावयाची होती. त्यानंतर कॅनबेरा आले, वैमानिक आणि नॅव्हिगेटर अशा दोघांचे. आणि १९८७ च्या सुमारास जहाजांवर मारा करणारे जग्वार आले, पुन्हा एकट्या वैमानिकाचे. एका विमानात सात-आठ माणसांचा संसार होता, तेथे एकच आसन उरले. ज्यांनी आयुष्यभर तारे, नकाशे आणि वारे यांचा हिशेब केला त्या नॅव्हिगेटरांस त्या आसनात जागा नव्हती. स्क्वाड्रनच्या नोंदवहीत हे सारे ‘नवीन विमानाचा स्वीकार’ या तीन शब्दांत मावते.

समुद्रावरच्या पहाऱ्याचे काम १९७६ मध्ये कॉन्स्टेलेशन विमानांसह नौदलाकडे गेले आणि गोव्यात दाबोळी येथे ३१२ क्रमांकाची स्क्वाड्रन निघाली. तिने १९८८ मध्ये सोव्हिएत टीयू-१४२ विमाने घेतली, आणि त्यानंतर अमेरिकन पी-८आय. हे शेवटचे विमान बोइंग ७३७ या प्रवासी विमानावरूनच घडविलेले आहे, म्हणजे उतारूंचे विमान पुन्हा एकदा पहारेकरी झाले. अमेरिकन, सोव्हिएत आणि पुन्हा अमेरिकन. दर खेपेस भाषा, मापे, सुटे भाग आणि कामाची रीत मुळापासून बदलली. हा पहारा कशासाठी आहे ते या शहरास सांगावयास नको. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ बुडविली. मुंबईहून त्याच पाणबुडीच्या शोधार्थ निघालेल्या त्या युद्धनौकेवरील १९४ जण परत आले नाहीत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा मारेकरी आमच्याच कुलाब्याच्या कोळीवस्तीजवळ होडीतून उतरले. समुद्राकडे पाहणारा डोळा एक दिवसही मिटता कामा नये, तर तो डोळा बदलण्याची शस्त्रक्रिया कशी करावी, असा हा प्रश्न आहे.

नवे विमान शिकणे कठीण असते, पण जुने विसरणे त्याहून कठीण. ब्रिटिश विमानांवर वाढलेल्या आमच्या वैमानिकांना उंची फुटांत आणि वेग नॉटमध्ये वाचण्याची सवय. १९६३ मध्ये मिग आले तेव्हा घड्याळांवर मीटर आणि किलोमीटर आले, अक्षरे रशियन आली. शांत वेळी माणूस हिशेब करून बघतो. संकटाच्या क्षणी हात जुन्या सवयीच्या जागी जातो, आणि तेथे आता दुसरीच कळ असते.

या बाबतीत आमच्या राज्यकर्त्यांनी किती दिरंगाई करावी यासही सीमा असते. संथ शिकाऊ विमानावरून तरुण वैमानिक एकदम, ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीकडे येणाऱ्या मिगवर बसविला जातो, मध्ये एखादे जेट विमान हवे, असे ला फोंटेन समितीने १९८२ मध्ये सांगितले. ‘हॉक’चा करार झाला २००४ मध्ये आणि ती विमाने दलात रुजू झाली २००८ मध्ये. १९७१-७२ पासून एप्रिल २०१२ पर्यंत ४८२ मिग विमाने अपघातांत नष्ट झाली व १७१ वैमानिक दगावले, ही माहिती संरक्षणमंत्र्यांनीच संसदेत दिली. हे सारे अपघात एकाच कारणाने झाले असे आम्ही म्हणत नाही. परंतु पायरी गाळलेल्या जिन्यावरून पडलेल्यांची संख्या त्यात किती असेल, या विचाराने मन अस्वस्थ होते.

आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. अभ्यासक्रम बदलला की फतवा उन्हाळ्यात येई, पुस्तक दिवाळीनंतर हाती पडे, आणि परीक्षा मात्र ठरल्या तारखेस होई. शाळेत त्याने चार गुण कमी पडतात, एवढेच.

वैमानिकांविषयी निदान बोलले तरी जाते. विमानाच्या पोटाखाली उभ्या राहणाऱ्या तंत्रज्ञाचे नाव कोणी घेत नाही. परळ-लालबागच्या वाचकांस हे पटवून द्यावे लागणार नाही. साळखात्यात साच्याचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा जॉबर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ठाऊक आहे की ते ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते त्या खात्यातल्या माणसांच्या सहवासात होते. जानेवारी १९८२ च्या संपानंतर माणसे पांगली आणि त्यांच्याबरोबर ते ज्ञानही पांगले. पुढे साचे कितीही नवे आणले असते तरी ते परत येणार नव्हते. मिगच्या इंजिनाचा सूर ओळखणारा वायुसैनिक आता तेजसपुढे उभा राहील. तेथे पंख कार्बन तंतूंच्या मिश्रणाचे आहेत आणि वैमानिकाची आज्ञा संगणकामार्फत विजेच्या तारांतून जाते. त्याला पुन्हा पहिलीत बसावे लागेल. त्याची त्याला लाज नाही. पण त्याच्याबरोबर त्याचे सोबती असावेत, एवढी व्यवस्था शासनाला अवघड नसावी.

आणि नेमके येथेच आमचे धोरण चुकत आले आहे. विमाने संपली की स्क्वाड्रन मोडावयाची, माणसे वेगवेगळ्या तळांवर पाठवावयाची, क्रमांक आणि बोधचिन्ह कपाटात ठेवावयाचे. सतरावी स्क्वाड्रन २०१६ मध्ये मोडली आणि राफेलसाठी २०१९ मध्ये पुन्हा उभी केली. शहीद निर्मलजितसिंग सेखों यांची अठरावी स्क्वाड्रन २०१६ ते २०२० या काळात कागदावर होती, आणि मग तिला तेजस मिळाले. क्रमांक पुनरुज्जीवित करण्याचा समारंभ देखणा होतो हे खरे, पण अशा कपाटात परंपरा टिकते असे मानणे भाबडेपणाचे आहे. पुन्हा उभ्या राहिलेल्या स्क्वाड्रनमध्ये जुनी माणसे किती असतात?

२०२१ मध्ये मागविलेल्या ८३ तेजस विमानांचा पुरवठा २०२४ पासून व्हावयाचा होता. अमेरिकेहून इंजिने वेळेवर आली नाहीत आणि तो लांबला. इंजिन आमच्या हाती नाही, हे मान्य. माणसे तर आमच्या हाती आहेत! १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळ ओझर येथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१एचे उड्डाण झाले. १९६४ पासून मिग-२१ आणि पुढे मिग-२७, सुखोई असे एकामागून एक निराळे विमान बांधण्यास शिकलेला हा कारखाना आहे. विमान बदलणे म्हणजे काय हे तेथील कामगाराइतके दिल्लीतील कोणासही ठाऊक नसेल. ज्या स्क्वाड्रनांना ही विमाने द्यावयाची आहेत त्यांची नावे संरक्षण खात्याने विमाने येण्यापूर्वीच निश्चित करावीत, त्यांतील तंत्रज्ञांच्या बदल्या थांबवाव्यात, आणि विमान तळावर येईपर्यंत त्यांना ओझरच्या जुळणीच्या शेडमध्येच कामगारांच्या शेजारी उभे करावे. यास नवा करार लागत नाही, परदेशी चलन लागत नाही. रेल्वेचे भाडे आणि राहण्याच्या खोल्या लागतात.